जिताड्याच्या नराचीही तपासणी हवी

सकाळी ६.३० : ऊन चढायच्या आत टाकीतलं पाणी उतरवतात. चेन्नईजवळ मुट्टुकाडूला ‘सीबा’ या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये जिताडा माशाचं प्रजनन साधलं. त्या पद्धतीवर चालणाऱ्या हॅचरीतला हा एक दिवस.

७.०० : मादीला भूल देऊन बारीक नळीने अंड्यांचा नमुना काढतात. अंड्याचा व्यास ४५० मायक्रॉनच्या वर हवा. मग नर. पोट कोरडं पुसून शेपटीकडे हलकेच दाबायचं. पहिला थेंब टाकून द्यायचा, त्यात लघवी उतरलेली असू शकते. दुधासारखा चीक आला तर नर ठेवायचा, पाणचट आला तर परत सोडायचा. पुष्कळदा तपासणी इथंच आटोपते. मादीला मायक्रॉनचं माप आणि नराला नुसता नजरेचा अंदाज, हा कुठला न्याय?

७.३० : म्हणून सूक्ष्मदर्शक. काचेवरच्या चिकात शुक्राणू निपचित असतात. नराच्या अंगातही ते असेच. समुद्राच्या पाण्याचा थेंब पडला, खारटपणा वाढला, की धावत सुटतात. किती पुढे जातात, किती जागीच थरथरतात, हे तेवढ्यात टिपायचं. मिनिटांत सगळे थकतात. हात आधीच ओला असेल तर नमुना वाया.

८.०० : इंजेक्शन. एलएचआरएच-ए संप्रेरक, मादीला किलोमागे ६०-७० मायक्रोग्रॅम, नराला निम्मं. एका मादीमागे दोन नर. अंडी ३० ते ३६ तासांनी, म्हणजे उद्या संध्याकाळी.

दुपार : बाकीच्या टाक्यांतल्या माशांना चारा, पाणी बदलणं, नोंदवही. जिताडा आधी नर असतो आणि थोराड झाला की मादी होतो. आजचा भरवशाचा नर पुढे नर राहीलच असं नाही, तेव्हा मागून तरुण नर तयार हवेतच.

संध्याकाळी ७.०० : काल टोचलेले मासे पाण्यातच अंडी आणि चीक सोडतात. कुठल्या नराचं किती लागू पडलं, ते दिसत नाही.

रात्री ९.०० : फलित अंडी पारदर्शक, वर तरंगणारी, उरलेली पांढुरकी होऊन तळाला. नमुन्यातली मोजून टक्केवारी लिहायची. २७-२८ अंश तापमानात पिल्लं १७-१८ तासांत बाहेर.

अलिबाग-पेणच्या गोड्या तळ्यांत जिताडा वाढतो, पण वितो खाऱ्या पाण्यात. बीज बाहेरूनच आणावं लागतं. तळेवाल्यांनो, हॅचरीतून घेताना दराबरोबर दोन गोष्टी विचारा : फलन किती टक्के झालं, आणि नर किती वापरले?