नऊ फुटांवरून पडणारा दगड

नऊ फूट उंच भिंतीवरून सुटलेल्या दगडाला जमिनीवर यायला पाऊण सेकंद लागतो. सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे पाऊण सेकंदाच्या 18. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरून ठेवायचं, ज्याला आम्ही ‘ऑन टूज’ म्हणतो, तर चित्रं लागतात नऊ. पहिल्या चित्रात दगड जेमतेम सव्वा इंच सरकलेला असतो आणि शेवटच्या टप्प्यात एकदम तेवीस इंच खाली येतो. मधली चित्रं या दोन टोकांच्या हिशेबात बसवायची. पहिले दोन-तीन टप्पे मोठे झाले, तर दगड थर्माकोलचा वाटतो. सगळे टप्पे सारखे ठेवले, तर तो पडत नाही, कुणीतरी दोरीने खाली सोडतंय असं दिसतं.

धाराशिवला घरातल्या खिडकीखाली ठेवलेल्या लाइटबॉक्सवर सध्या माझा उद्योग हाच आहे. फिल्म अगदी छोटी आहे. लोहारा तालुक्यात सास्तूरच्या बाजूचं एक माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं, घर 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी कसं पडलं, एवढंच तिच्यात आहे. माणसं दाखवायची नाहीत, हे आधीच ठरवलं. लातूर-उस्मानाबादच्या त्या भूकंपात हजारो माणसं गेली. त्यांची चित्रं काढायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. घराची काढता येतील.

पडझड शिकायला मी ज्या सिनेमाकडे पुन्हा पुन्हा जातो तो जपानी आहे: कात्सुहिरो ओतोमोचा ‘अकिरा’. 16 जुलै 1988 ला तो जपानमध्ये लागला आणि सिनेमातलं टोकियोही त्याच तारखेला नष्ट होतं. पांढऱ्या प्रकाशाचा एक घुमट शहरावर फुगत जातो, जवळजवळ आवाज न करता. पुढची गोष्ट 2019 सालच्या निओ-टोकियोत घडते. ओतोमोची ही मूळ चित्रकथा ‘यंग मॅगझिन’मध्ये 1982 च्या डिसेंबरपासून येत होती आणि ती 1990 ला संपली. म्हणजे सिनेमा आला तेव्हा कथेचा शेवट त्याने कागदावर काढलेलाही नव्हता. पैसा उभा करायला प्रकाशक, वितरक, खेळणी बनवणारी कंपनी असे बरेच जण ‘अकिरा कमिटी’ म्हणून एकत्र आले. चित्रं टोकियो मूव्ही शिन्शा या स्टुडिओत झाली. 124 मिनिटांच्या सिनेमासाठी 1 लाख 60 हजारांवर सेल रंगवले गेले असं सांगतात. सेल म्हणजे पारदर्शक ताव. चित्राची रेघ त्याच्या पुढच्या बाजूला आणि रंग मागच्या, म्हणजे ब्रशचे फराटे दिसत नाहीत. रंगांच्या 327 छटा होत्या, त्यातल्या 50 खास या सिनेमासाठी बनवलेल्या.

जपानी कार्टूनमध्ये तेव्हा एक चित्र तीन-तीन फ्रेम धरून पैसे वाचवायची रीत होती. ‘अकिरा’त बरंचसं काम टूजवर आहे, काही ठिकाणी तर प्रत्येक फ्रेमला नवं चित्र. संवाद आधी रेकॉर्ड करून त्यावर ओठ बेतले, हेही जपानमध्ये नेहमीचं नव्हतं. त्याचं कौतुक खूप होतं. माझ्या फिल्ममध्ये कुणी बोलतच नाही, म्हणून मी ते सोडून देतो.

मी बघतो ते ढिगारे. शेवटच्या भागात बांधकाम चाललेलं ऑलिंपिक स्टेडियम आणि भोवतालचं शहर उद्ध्वस्त होतं, तो तुकडा मी एकेक फ्रेम थांबवून पाहिलाय. इमारती तिथे अवाढव्य वाटतात, त्या नुसत्या बारीक खिडक्या काढल्यामुळे नव्हे. गणित करून बघा. नऊ फुटांवरून पडायला 18 फ्रेम, तर नऊशे फुटांवरून पडायला किती? अठराशे नाही, फक्त 180. अंतर शंभरपट झालं की वेळ दहापट होतो. आता तीच नऊशे फुटी इमारत पडद्यावर तुमच्या वीतभर कागदात मावली पाहिजे. म्हणजे वीतभर जागेत तिचा माथा साडेसात सेकंद पडत राहणार, आणि घराचा दगड तेवढीच वीत पाऊण सेकंदात ओलांडणार. डोळ्याला आकार कळतो तो या संथपणातून. ओतोमोच्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं. मोठा स्लॅब सावकाश कलतो, कलताना तडकतो आणि त्यातून सुटलेले बारके तुकडे त्याच्या आधी आपापल्या वाटेने निघतात.

पण काँक्रीट बघून माळवद काढता येत नाही. ‘अकिरा’तली भिंत एकसंध असते, तिला भेगा जातात. आपल्याकडच्या भिंती दोन-तीन फूट जाड, काळ्या दगडाच्या. दिसायला किल्ला, पण बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा. मध्ये दगडाच्या कपच्या आणि मातीची भर. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड बहुतेक घरांत घातलेलाच नसायचा. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या-काटक्या आणि त्यावर फूट-दोन फूट माती. पावसाळ्याआधी गळती थांबवायला दरसाल नवी माती टाकायची, जुनी कोण काढतंय? घराचं वय वाढेल तसं डोक्यावरचं ओझं वाढत गेलं.

लोहाऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या गवंड्यांना मी पेन्सिल हातात घ्यायच्या आधीच जाऊन भेटलो होतो. भूकंपाआधी त्यांनी माळवदं बांधली, भूकंपानंतर सिमेंटची घरं. म्हटलं, मामा, भिंत पडते कशी ते सांगा. ते म्हणाले, “भिताड सरळ पडत न्हाई, मास्तर. आधी त्याला पोट सुटतंय. मग बाहीरचा थर जातो, आतला तसाच उभा ऱ्हातो, जरा वेळ.” त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांना चिकटवले आणि खालून फुगवत एकच तळवा बाहेर पाडला. दुसरा तसाच ठेवला. एवढं नेमकं की-ड्रॉइंग, म्हणजे हालचालीचं मुख्य चित्र, मला कुणी करून दाखवलेलं नाही.

त्या ‘जरा वेळ’ला मी सहा फ्रेम दिल्यात. पाव सेकंद. बाहेरचे दगड निम्म्यावर आलेत, आतला थर अजून उभा आहे आणि मधली भर पोत्यातून ज्वारी सांडावी तशी घळाघळा बाहेर येतेय. मग तुळईचं टोक मोकळं होतं आणि माती खाली येते. जिथे छत लाकडी खांबांवर होतं, तिथे काही घरांत भिंती पडूनही खण उभे राहिले. माझ्या घरात एक खण तसा उभा ठेवलाय. हेही मामांचंच.

कामाची रीत साधी आहे. कागदाला भोकं, भोकं पेग-बारच्या खुंट्यांवर, खाली दिवा. दोन मुख्य चित्रं एकावर एक ठेवायची, तिसरा कोरा कागद वर आणि मधलं चित्र काढायचं. पाच कागद बोटांच्या पेरांत धरून वरखाली उलटत राहिलं, की हालचाल तिथल्या तिथे कळते. लाइट गेली तर कागद खिडकीच्या काचेवर चिकटवून काम चालतं, दिवसा तरी. ‘अकिरा’च्या वेळी पेन्सिल टेस्टला, म्हणजे कच्ची चित्रं हलती करून बघायला, खास यंत्र लागायचं. मी मोबाइलवर एकेक फोटो काढतो आणि ओपनटूंझमध्ये लावतो. हे ओपनटूंझ म्हणजे जिब्ली स्टुडिओ वापरत होता त्याच सॉफ्टवेअरची 2016 पासून फुकट मिळणारी आवृत्ती. एकेक फ्रेम टिपायचं वेड आपल्याकडे नवं नाही. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याचा वेल वाढताना असाच फ्रेमफ्रेमने टिपला होता आणि 1915 ला आगकाड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ केली.

‘अकिरा’चा वारसा म्हटलं की लोक मोटरसायकल दाखवतात. सिनेमाचा नायक कानेदा लाल गाडी आडवी घसरवत थांबवतो, तो शॉट इतक्या जणांनी उचललाय की मोजदाद नको. जॉर्डन पीलच्या 2022 च्या ‘नोप’मध्येही तो आहे. गाडी उचलायला सोपी, एक मुद्रा आहे ती. धूळ कुणी फारशी उचलत नाही, कारण धुळीला मुद्रा नसते. ती चित्रामागून चित्र काढतच जावी लागते, आणि संगणकाने तयार केलेली धूळ फुकटात मिळत असताना एवढे कष्ट कोण घेणार?

माझं काम आता तिथेच आलंय. निओ-टोकियोची रात्र दिव्यांची आहे, धुळीवर निऑन पडतं. सास्तूरच्या रात्रीला दिवा नव्हता. पण आदली रात्र अनंत चतुर्दशीची. गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पौर्णिमा लागून होती. पहाटे चारच्या सुमाराला चंद्र पश्चिमेला उतरलेला असणार. म्हणजे प्रकाश पश्चिमेकडून, तिरपा. पडत्या भिंतीची सावली पूर्वेला लांब. माळवदाची माती वर उसळली की तिची एक कड उजळ, बाकी सगळी काळपट. रंग चारच ठेवलेत: कोरड्या काळ्या दगडाचा, फुटून उघड्या पडलेल्या दगडाचा, मातीचा आणि चांदण्याचा. दगड टूजवर चालू राहील. धूळ मात्र थ्रीजवर, म्हणजे एक चित्र तीन फ्रेम धरून, घेतोय, कारण तेवढ्याच वेगाने काढली तर ती दगडाबरोबर खाली बसते, आणि या शॉटमध्ये ती शेवटच्या फ्रेमपर्यंत हवेत राहायला हवी.