राहत्या घराची पुनर्रचना

घर हे एकदा बांधून कायमचे संपणारे काम नव्हे. कुटुंब वाढते, मुले मोठी होतात, वृद्धांना जिना चढवेनासा होतो, जुन्या स्वयंपाकघरात नव्या सोयी मावत नाहीत. आणि मग दोन खोल्यांमधील भिंत काढावी, गच्चीवर एखादी खोली चढवावी, न्हाणीघर आत आणावे, असे बेत सुरू होतात. नवे घर मोकळ्या जागेवर उभे राहते. जुन्या घरात फेरबदल करताना मात्र माणसे आत राहत असतात, चूल चालू असते, आणि गिलाव्याच्या आड काय दडले आहे हे भिंत उघडेपर्यंत कोणालाच नीट ठाऊक नसते. म्हणूनच असे काम बहुधा ठरल्यापेक्षा अधिक दिवस चालते, अधिक पैसा खाते, आणि क्वचित प्रसंगी जिवावरही बेतते.

यातील पुष्कळसा त्रास टाळता येण्याजोगा असतो. त्यासाठी घरमालकाने काम सुरू होण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळविली पाहिजेत. घराचा भार कोणत्या वाटेने जमिनीत उतरतो? घर कोणत्या द्रव्यांचे बनले आहे? आणि नव्या कामाला बळ येण्यास किती दिवस लागतात?

भाराची वाट

आपल्या देशातील गावोगावच्या घरांचे दोन मोठे वर्ग करता येतात. पहिल्या वर्गात विटांच्या किंवा दगडांच्या भिंतीच छताचा भार उचलतात. दुसऱ्या वर्गात काँक्रीटचे खांब आणि तुळया यांचा सांगाडा भार उचलतो व भिंती केवळ मधली जागा भरून काढतात. भिंत काढण्याचा विचार करताना हा भेद सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

साध्या विटांच्या भिंतीचे वजनच पाहा. चार मीटर लांब, तीन मीटर उंच आणि २३० मिलिमीटर जाड भिंतीत सुमारे पावणेतीन घनमीटर बांधकाम असते. वीटकामाचे वजन दर घनमीटरला सुमारे १,९०० किलोग्रॅम धरले, तर ही एकच भिंत पाच टनांहून अधिक भरते. तिच्यावर टेकलेले छत, वरच्या मजल्याची भिंत व तिथली माणसे यांचा भार निराळाच. अशी भिंत काढली म्हणजे तो भार नाहीसा होत नाही. तो दुसरी वाट शोधतो. ती वाट आधी तयार केलेली नसेल, तर छताला तडे जातात किंवा ते खाली येते.

येथे एक गोष्ट फसवी असते. भिंतीला लहानसे भगदाड पाडले तरी वरच्या विटा लगेच कोसळत नाहीत. भगदाडावर विटांची एक अदृश्य कमान तयार होते. ती वरचा भार दोन्ही बाजूंकडे ढकलते आणि कमानीखालचा त्रिकोणी भागच काय तो लोंबकळत राहतो. हे पाहून कारागिराचा धीर वाढतो व भगदाड रुंद केले जाते. परंतु कमानीला बाजूंचा आधार अपुरा पडला की ती एकाएकी मोडते. म्हणून भिंतीत नवे दार काढताना आधी वरच्या छताला धिरे द्यावयाचे, मग दाराच्या माथ्यावरील तुळई दोन्ही बाजूंस पुरेशी टेकवून बसवावयाची, तिला बळ आले म्हणजेच खालच्या विटा काढावयाच्या, असा क्रम असतो. हा क्रम उलटा करणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय.

भिंत भार उचलते की नाही, हे तिच्यावर टकटक करून समजत नाही. ती जाड आहे काय, वरच्या मजल्यावर नेमकी तिच्याच रेषेत दुसरी भिंत आहे काय, छताचे वासे किंवा स्लॅब तिच्यावर टेकले आहेत काय, हे पाहावे लागते. आणि शेवटचा निर्णय संरचना अभियंत्यानेच द्यावयाचा असतो. सांगाड्याच्या इमारतीतही खांब किंवा तुळई फोडून त्यातून नळ वा तारा नेणे हा गंभीर अपराधच समजला पाहिजे. कारण एका बिऱ्हाडातील खांबावर वरची सर्व बिऱ्हाडे उभी असतात.

भार काढल्याने जसा धोका संभवतो तसाच तो वाढविल्यानेही संभवतो. जुनी फरशी न उखडता तिच्यावरच ५० मिलिमीटरचा मसाला व नवी फरशी बसविली, तर दर चौरस मीटरला सुमारे १०० किलोग्रॅम वजन वाढते. राहत्या खोल्यांत माणसे व सामान यांच्यासाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅमच धरावेत, असे भारतीय मानक ८७५ सांगते. म्हणजे त्यातील निम्मी सोय एकट्या नव्या फरशीने संपते. गच्चीवर ठेवलेली एक हजार लिटरची पाण्याची टाकी भरली की तिच्यातील पाणीच एक टन होते, हेही विसरता कामा नये.

किल्लारी आणि अहमदाबाद

अशा लहानलहान फेरबदलांचा साठत गेलेला परिणाम काय होतो, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व धाराशिव या जिल्ह्यांनी अनुभवले. किल्लारी परिसरातील जुनी घरे जाड दगडी भिंतींची व मातीच्या माळवदाची होती. भिंतीचे दगड मातीत रचलेले असत. बाहेरचा व आतला असे दोन थर आणि मध्ये दगडगोट्यांची भर, अशी त्यांची रचना होती, आणि दोन्ही थरांना एकत्र बांधणारे आरपार दगड बहुधा नसत. पावसात माळवद गळू लागले की त्यावर मातीचा नवा थर पसरावयाचा, ही रीत होती. प्रत्येक थर क्षुल्लक वाटे. परंतु अर्धा मीटर जाडीची कोरडी माती दर चौरस मीटरला सुमारे ८०० किलोग्रॅम भरते. भूकंपात दगडी भिंती फुटल्या, माळवदे खाली आली आणि जवळजवळ आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर या भागात केवळ नवी घरे बांधण्याचा नव्हे, तर उभी असलेली घरे बळकट करण्याचाही मोठा कार्यक्रम हाती घेण्यात आला. भिंतीत आरपार जाणारे बांध घालणे, भिंतींना सर्व बाजूंनी पट्ट्याने आवळणे आणि छतावरील माती कमी करणे, हे अशा बळकटीकरणाचे मुख्य उपाय होत.

दुसरा धडा २६ जानेवारी २००१ च्या गुजरातमधील भूकंपाने दिला. भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये, अहमदाबादपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर होते. तरी त्या शहरातील कित्येक बहुमजली इमारती कोसळल्या. वाहने ठेवण्यासाठी तळमजला भिंतींवाचून मोकळा सोडणे, हे त्यामागील एक प्रमुख कारण ठरले. वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि तळमजला मात्र लवचीक, अशा इमारतीत भूकंपाचा सारा हिसका तळमजल्याच्या खांबांवर येतो. राहत्या घराच्या तळमजल्यावरील भिंती काढून तेथे दुकान किंवा मोटारीची जागा करणारा घरमालक नकळत हीच स्थिती निर्माण करीत असतो.

द्रव्यांचा स्वभाव

दुसरा प्रश्न द्रव्यांचा. पोर्टलंड सिमेंटचे एकस्व इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन याने १८२४ साली घेतले. आपल्याकडे त्याचा सार्वत्रिक प्रसार विसाव्या शतकात झाला. त्यापूर्वीच्या पक्क्या घरांत बहुधा चुना आढळतो. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो. तो भाजलेला चुना पाण्यात विरवून भिंतीत वापरला म्हणजे तो हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो व पुन्हा दगडासारखा कठीण होतो. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे भिंतीत शिरलेली ओल त्यातून वाफेच्या रूपाने बाहेर पडते. अशा भिंतीवर दाट सिमेंटचा गिलावा चढविला तर ओलीची वाट बंद होते. क्षार आतल्या आत साठतात, विटा भुसभुशीत होतात आणि नवा गिलावा पोपडे धरून गळतो. जुन्या भिंतीची दुरुस्ती तिच्याच जातीच्या द्रव्याने करावी, हा नियम म्हणूनच केवळ परंपरेचा नव्हे, रसायनशास्त्राचा आहे.

काँक्रीटच्या घराचा शत्रू निराळा. गळक्या स्लॅबमधील लोखंडी सळईला गंज चढला म्हणजे गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक होते आणि ते काँक्रीटला आतून फोडते. खाली पडलेल्या खपल्यांच्या जागी नुसता गिलावा लावणे म्हणजे रोग झाकणे होय. गळती आधी थांबवावी, गंज खरवडून सळई तपासावी, आणि मगच वर नवे काँक्रीट चढवावे.

भिंतीला गेलेली भेग जुनी व थांबलेली आहे की अजून वाढते आहे, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती शाळेतील विद्यार्थ्यांनाही करता येईल. भेगेवर आडवी, पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवावी व तिच्याजवळ तारीख लिहावी. काही आठवड्यांत काच तडकली तर भेग हलते आहे, असे समजावे आणि अभियंत्यास बोलवावे.

वेळ हेही एक द्रव्य

तिसरा प्रश्न दिवसांचा. सिमेंट वाळून घट्ट होते, ही समजूत चुकीची आहे. सिमेंट व पाणी यांच्यातील रासायनिक क्रियेमुळे ते कठीण होते. पाणी उडून गेले तर ती क्रिया खुंटते. म्हणून नवे काँक्रीट साध्या सिमेंटचे असेल तर किमान सात दिवस, आणि राख वा धातुमळी मिसळलेल्या सिमेंटचे असेल तर किमान दहा दिवस ओले ठेवावे, असे भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत सांगितले आहे. स्लॅबची झेप साडेचार मीटरपर्यंत असेल तर त्याखालचे धिरे सात दिवस, आणि तीहून अधिक असेल तर चौदा दिवस काढू नयेत. सहा मीटरहून लांब तुळईखाली ते एकवीस दिवस ठेवावेत. काँक्रीटचे ठरविलेले बळ अठ्ठावीस दिवसांनी मोजतात. कारागीर रिकामा बसला आहे म्हणून मालकाने या दिवसांत घाई केली, तर पुढील अनेक वर्षांचे बळ तो गमावतो.

ऋतूचाही हिशेब हवा. केरळात पाऊस जूनच्या सुमारास येतो, तर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. छत उघडण्याचे काम त्या त्या प्रदेशाच्या पावसाळ्यापूर्वी पुरते संपले पाहिजे. नव्या न्हाणीघराच्या जमिनीत जलरोधक थर घातल्यावर निदान एक दिवस व एक रात्र तेथे पाणी साठवून खालची बाजू तपासावी. फरशी बसविल्यानंतर सापडलेल्या गळतीसाठी सर्व काम पुन्हा उखडावे लागते.

काम चालू असताना

काम चालू असलेल्या घरात राहणे हे धुळीत राहणे असते. दगड, ग्रॅनाइट व काँक्रीट कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात आणि वर्षानुवर्षे ती हुंगणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. पाणी सोडून कापणे, कामगारांना योग्य मुखपट्टी देणे आणि कामाची खोली उरलेल्या घरापासून ओल्या पडद्याने तोडणे, हे उपाय स्वस्त आहेत.

जुन्या रंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी ठरविणारे नियम २०१६ साली झाले व ते २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वी रंगविलेली दारे-खिडक्या कोरड्या घासू नयेत. कारण शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रेही कोरडे कापू वा फोडू नयेत. ते ओले करून शक्यतो अखंड उतरवावेत. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांची व्यवस्था या दिवसांत दुसरीकडे करता आली तर उत्तम.

पैशाच्या बाबतीत मालकाने एक गोष्ट मनाशी धरावी. भिंत उघडेपर्यंत सडलेला वासा, गंजलेला नळ किंवा जळालेली तार दिसत नाही. म्हणून अंदाजपत्रक कितीही प्रामाणिक असले तरी ते अंदाजच असते. काही रक्कम प्रथमपासूनच राखून ठेवावी. कामाचे माप, द्रव्यांची जात, हप्त्यांचे टप्पे आणि जादा कामाचा दर लेखी असावा; स्थानिक संस्थेची परवानगी आधी घ्यावी. नळ व तारा भिंतीत झाकण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून मापांसह जपून ठेवावीत. पुढे कोणी खिळा ठोकील तेव्हा ती उपयोगी पडतील.

घर ही दिसावयास स्थिर वस्तू. परंतु तिच्यात भार अखंड खाली उतरत असतो, ओल हलत असते, चुना हवा घेत असतो. या हालचाली ओळखून केलेला फेरबदल घराचे आयुष्य वाढवितो. न ओळखता केलेला फेरबदल ते घटवितो. भिंतीवर पहिला हातोडा पडण्यापूर्वी चौकशीत घातलेले चार दिवस हा म्हणूनच या कामातील सर्वांत स्वस्त खर्च होय.