बाटलीतले पाणी आणि भूगर्भातले पाणी

भूजलाचा नमुना घेणे म्हणजे पंप चालवून बाटली भरणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती किती फसवी आहे, हे बंगालच्या त्रिभुज प्रदेशातील उदाहरणावरून आम्ही येथे मांडत आहोत.

पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली आर्सेनिकबाधेचे रुग्ण ओळखले गेले. बांगलादेशात १९९३ साली कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक सापडले. दूषित तळ्यांच्या पाण्यामुळे होणारे अतिसार टळावेत म्हणून ज्या कूपनलिका खोदल्या, त्यांतूनच हे विष वर आले. तेथील गाळाच्या थरांत जिवाणू सेंद्रिय द्रव्यावर जगतात. पाण्यातला प्राणवायू संपला की ते श्वसनासाठी लोहाच्या ऑक्साइडांचा उपयोग करतात. त्यामुळे लोह विरघळते आणि त्याला चिकटलेले आर्सेनिक पाण्यात उतरते.

असे पाणी वर येताना नितळ दिसते. हवा लागताच मात्र त्यात लोहाचे तांबूस सूक्ष्म कण तयार होतात आणि आर्सेनिक त्यांना चिकटते. ते पाणी उशिरा गाळले, तर आर्सेनिक गाळणीवरच राहते व पाणी निर्दोष ठरते. उलट, जोराने उपसा केल्यास एरवी स्थिर असलेला गाळ ढवळून नमुन्यात येतो. दोन्ही वेळी बाटलीतले कण भूगर्भातल्या प्रवाहाचे नसतात.

खरे कलिल कण एका मायक्रोमीटरहूनही लहान असतात. ते तळाशी न बसता पाण्याबरोबर वाहतात आणि विषही वाहून नेऊ शकतात. म्हणून त्यांचा नमुना धीराने घ्यावा लागतो. उपसा मिनिटाला साधारण १०० ते ५०० मिलिलिटर ठेवतात. हवाबंद पात्रातून पाणी वाहू देऊन प्राणवायू, विद्युतवाहकता व गढूळपणा यांची मापे स्थिरावण्याची वाट पाहतात. मग हवेचा स्पर्श होऊ न देता नळीतच ते गाळतात. ०.४५ मायक्रोमीटरच्या प्रचलित गाळणीतून बारीक कलिल निसटतात. म्हणून त्याहून सूक्ष्म गाळण्याही वापरतात. विरघळलेल्या धातूंच्या मोजणीसाठी गाळलेल्या पाण्यात लगेच आम्ल घालतात. न गाळलेल्या पाण्यात ते घातले, तर कणही विरघळून दोहोंतला भेद पुसला जातो.

बांगलादेशात तपासणीनंतर सुरक्षित कूपनलिकांना हिरवा व असुरक्षित कूपनलिकांना लाल रंग दिला गेला. हिरवा रंग पाहून माता निःशंकपणे घागर भरते. तिचा तो विश्वास खरा ठरण्यासाठी नमुना घेणाऱ्याचा हात प्रामाणिक असणे पुरेसे नाही. तो सावधही असावा लागतो, असे आम्हांस वाटते.