इंजिन खोलण्याआधी डिझेल बघा

नाथसागराच्या काठाने पैठण-गंगापूर भागात फिरलं की जुनी डिझेल इंजिनं अजूनही दिसतात. धरणाचं पाणी मागे सरकलं की गाळपेऱ्यातून इंजिनही त्याच्या मागे ओढत न्यायचं, ही इकडची रीत.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका इंजिनाची तक्रार आली. सकाळी चालू व्हायचं, दहा मिनिटं चालायचं, मग पांढरा धूर टाकत आचके देऊन बंद पडायचं. गहू अठरा-वीस दिवसांचा, मुकुटमुळे फुटण्याची अवस्था. ही पाळी चुकली की फुटवा कमी, उतारा कमी. मालकाने घाबरून नोझल बदललं, पंप काढून तालुक्याला पाठवला. पैसा गेला, रोग तसाच!

मी टाकीच्या तळातलं डिझेल काचेच्या बरणीत काढायला लावलं. थोड्या वेळात वर डिझेल, खाली बोटभर पाणी आणि मधे काळपट, बुळबुळीत साय. मालक म्हणाले, "साहेब, डिझेल तर पंपावरूनच आणलं!" खरं असेल. पण टाकीचं झाकण हरवलेलं आणि तोंडात चिंधी कोंबलेली. शिवाय अर्धी रिकामी टाकी थंडीत उघड्यावर राहिली की आतल्या पत्र्याला दव धरतं. ते थेंब थेंब साठतं.

डिझेल लिटरला साधारण 820 ते 845 ग्रॅम भरतं, पाणी 1000 ग्रॅम. म्हणून पाणी तळाशी बसतं आणि नळीवाटे पंपाकडे जातं. मधली साय म्हणजे बुरशी आणि जिवाणू. तिने फिल्टर चोक होतो. खरं नुकसान पंपात होतं. तिथल्या प्लंजरला वंगण डिझेलचंच असतं. पाणी शिरलं की गंज धरतो, ओरखडे पडतात. कोकणातल्या होड्यांच्या इंजिनांनाही हाच आजार. पावसाळाभर उभ्या राहिल्या की टाकीत पाणी जमतंच.

तेव्हा पाना हातात घेण्याआधी बरणी घ्या. पाणी दिसलं तर टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, सुकवा. फिल्टर नवा टाका, धुऊन परत बसवू नका. मग ताजं डिझेल भरून आधी फिल्टरचा, नंतर पंपाचा हवेचा स्क्रू सैल करा. बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्या. शेवटी नोझलकडची नळी सैल करून, लिव्हर उचलून हँडल मारा. डिझेल आलं की नळी आवळा. नोझल बाहेर काढून फवारा तपासायचा असेल तर हात कधीही समोर धरू नका. तो कातडी फोडून आत जातो.

आमच्या त्या इंजिनाला दोन तास लागले. पाळी त्याच रात्री दिली.

एक विनंती. काढलेलं घाण डिझेल काठावर ओतू नका, डब्यात साठवा. संभाजीनगर शहर हेच पाणी पितं. आणि कॅन विसळला असेल तर उन्हात उलटा ठेवून पुरता वाळवा, मगच पंपावर न्या.