द्वितीय भाषा म्हणून इंग्रजी : इंदूरच्या वर्गातील चुका आणि पहिल्या भाषेचे साहाय्य

इंदूरमध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी माळवी, हिंदी, उर्दू, सिंधी किंवा होळकरकाळापासून येथे रुजलेली मराठी बोलली जाते. बारावीपर्यंत हिंदी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या इंग्रजीतील चुका 'पाया कच्चा' असा शेरा देऊन खोडल्या जातात. चूक हा अध्ययनाचा पुरावा आहे, असे पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच मांडले होते. अध्यापकांनी ते अद्याप पुरेसे मनावर घेतलेले नाही.

'स्कूल'चे 'इस्कूल' हा निष्काळजीपणा नव्हे. हिंदी-उर्दूच्या बोलण्यात शब्दारंभीच्या अशा जोडाक्षरापूर्वी स्वर येतो. मराठी घरातील मुलास ही अडचण सहसा नसते. 'डिस्कस अबाउट' मात्र दोघेही लिहितात, कारण 'के बारे में' आणि 'विषयी' दोन्हीकडे आहेत. 'द' हे उपपद दोघांचेही गळते, कारण त्यांच्या भाषांत ते नाहीच. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. त्यामुळे उर्दू माध्यमातून आलेल्याच्या स्पेलिंगमध्ये नेमके स्वरच गळतात का, हे तपासावे. एकाच वर्गात उपचार वेगवेगळे लागतात, ते यामुळे.

याहून गंभीर अडचण परीक्षेत येते. संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतील भेद जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये दाखविला. कॅनडातील स्थलांतरित मुलांच्या अभ्यासावरून पहिलीस सुमारे २ वर्षे, तर दुसरीस ५ ते ७ वर्षे लागतात असे त्यांनी मांडले. तेथे तर शाळेबाहेरही इंग्रजी होती! 'मे आय कम इन' सफाईने म्हणणारा विद्यार्थी प्रश्नपत्रिकेतील 'जस्टिफाय'पाशी अडतो आणि वाणिज्य येत असूनही वाणिज्यात नापास होतो. अशी दहा-बारा आज्ञार्थी क्रियापदे प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकाने नमुना उत्तरासह शिकवावीत. ते काम एकट्या इंग्रजी विभागाचे नाही.

हिंदीचा आधार घ्यावा, परंतु ओळीओळीचे भाषांतर टाळावे. त्याने विद्यार्थी हिंदीची वाट पाहत बसतो आणि इंग्रजी मजकूर वाचतच नाही. त्याऐवजी प्रश्नावर प्रथम १० मिनिटे हिंदीत चर्चा व्हावी आणि मग उत्तर इंग्रजीत लिहावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळ येथे प्रकाशित झालेल्या एमबीबीएसच्या हिंदी पुस्तकांत विवेचन हिंदी असून अनेक संज्ञा देवनागरीत इंग्रजीच ठेवल्या आहेत. इतर विषयांच्या टिपणांतही अशी रचना करता येईल. मात्र तेथे संज्ञेचे रोमन स्पेलिंगही द्यावे, कारण उत्तरपत्रिकेत तेच लिहावे लागते.