वाशिम ते मुंबई: विमानाने खरंच वेळ वाचतो का?

नकाशावर सरळ रेघ मारली तर वाशिम ते मुंबई अंतर जेमतेम ४६० किलोमीटर. जेट विमानाला तासाभराचं काम! पण आपल्या जिल्ह्यात प्रवासी विमानतळच नाही. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी मोठ्या विमानांना तोकडी पडते.

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली. विमान एटीआर-७२, म्हणजे पंख्याचं. वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर, त्यामुळे हवेत जवळपास पावणेदोन तास जातात. आता खरा हिशेब मांडा: वाशिमहून कारंजामार्गे बेलोरा अडीच-तीन तास, तासभर आधी पोहोचणं, उड्डाण, आणि वर मुंबईतलं ट्रॅफिक (ते कुठल्याच वेळापत्रकात नसतं!). सहा-सात तास सहज गेले.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून आमण्यापर्यंत पूर्ण खुला आहे. मालेगाव किंवा शेलूबाजारला चढा. कारसाठी वेगमर्यादा ताशी १२०. थांबे धरून सात-आठ तास.

माझं मत विचाराल तर चौघं असाल तर गाडीच काढा. एकट्याने जायचं असेल तर बेलोऱ्याचा विचार करा, पण विमान रोज आहे असं गृहीत धरू नका. वेळापत्रक बघूनच तिकीट काढा.