लॅपटॉपची पिढी पाहावी की त्याचा ताप?

ताग्यावर काउंट आणि रीड-पिक छापलेले असले तरी जाणता व्यापारी भिंग लावून धागे मोजतो. लॅपटॉप घेताना मात्र आम्ही लेबल वाचूनच पैसे मोजले आणि त्याची झळ सोसली.

आमचा पुतण्या साडीच्या बॉर्डरची डिझाइने काढतो. या कामाला ताकदवान प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड लागते, म्हणून कारागीर मंडळी हल्ली गेमिंग लॅपटॉपच घेतात. २०१८ साली दुकानदार आम्हाला म्हणाला, ‘‘सातवी पिढी जुनी झाली. आठवी घ्या, चार कोरच्या जागी सहा मिळतील.’’ आम्ही पातळ, देखणा लॅपटॉप घेतला. पुढच्या मे महिन्यात, ऐन सीझनमध्ये, तो शेजाऱ्याच्या जाडजूड सातव्या पिढीच्या लॅपटॉपपेक्षा काही वेगाने चालेना. ऑर्डर दोन दिवस उशिरा गेली आणि गिऱ्हाइकाने दर कापला. ‘‘चाचा, मशीन तापतेय,’’ असे पुतण्या सांगत होता, पण तेव्हा आम्हाला त्याचा अर्थ कळला नाही.

अर्थ असा. इंटेलचा २०१७ चा आय७-७७००एचक्यू हा चार कोरचा, तर २०१८ चा आय७-८७५०एच हा सहा कोरचा. दोघांवर शिक्का मात्र ४५ वॅटचाच. तेवढ्याच खुराकावर दोन कारागीर जादा ठेवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी येणारच. म्हणून कंपनीने हमीचा मूळ वेगही २.८ गिगाहर्ट्झवरून २.२ वर आणला. जाहिरातीत झळकतो तो ४.१ चा वेग, आणि तो एका कोरचा, थोड्या वेळापुरता. वीज आणि हवा भरपूर मिळाली तर सहा कोर नक्कीच पुढे जातात, पण पातळ डब्यात ती मिळत नाही. चिप १०० अंशांच्या मर्यादेला टेकली की स्वतःचा जीव वाचवण्यासाठी वेग उतरवते.

पुढच्या पिढ्यांत हा खेळ वाढला. २०२२ च्या आय७-१२७००एच वर ४५ वॅट लिहिलेले असले तरी जोरात असताना तो ११५ वॅटपर्यंत ओढू शकतो. तेवढी उष्णता बाहेर काढणारा पंखा व तांब्याच्या नळ्या आहेत का, हे लेबल सांगत नाही.

ग्राफिक्स कार्डाची तऱ्हा याहून न्यारी. एनव्हिडियाने २०२१ साली लॅपटॉपसाठी आणलेले आरटीएक्स ३०६० हे नाव ६० वॅटच्या कार्डालाही आहे आणि ११५ वॅटच्या कार्डालाही. नाव एक, माल वेगळा! उपाशी ठेवलेल्या ३०७० च्या पुढे पोटभर जेवलेला ३०६० जातो, असेही घडते. दुकानात पहिला प्रश्न वॅटचा विचारावा, तो यासाठी.

आता ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरल्यापेक्षा जादा वेगाने चिप पळवणे. लूमची पुली बदलून पिक वाढवण्यासारखाच हा प्रकार. धागे तुटू लागले की नफा कुठे राहतो? विजेचा खर्च वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग १० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही १० टक्के चढवावे लागले, तर उष्णता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. आधीच १०० अंशांशी झुंजणाऱ्या लॅपटॉपला यातून उलट मंदपणाच येतो. शिवाय बहुतेक ‘एच’ चिपा कुलूपबंद असतात. ‘एचके’ अक्षरांच्या काही महाग चिपाच उघड्या मिळत. फायद्याची वाट उलटी आहे : व्होल्टेज थोडे कमी करणे. पण २०१९ मध्ये ‘प्लंडरवोल्ट’ नावाचा सुरक्षेतील दोष उघड झाला आणि त्यानंतर अनेक लॅपटॉपांत ही सोय बंद झाली.

मग दोन पिढ्यांची तुलना करावी कशी? एकाच खोलीत, दोन्ही चार्जरवर लावून, सिनेबेंच ही चाचणी निदान १० मिनिटे चालवावी. सोबत एचडब्ल्यूइन्फो हा फुकट प्रोग्राम उघडून अंश, वॅट आणि वेग पाहावा. पहिल्या मिनिटाचा वेग दुकानदाराचा, दहाव्या मिनिटाचा आपला. एसीच्या शोरूममधला आकडा लूमच्या शेडमध्ये चालत नाही. बाहेरची हवा १५ अंशांनी गरम असली की, पंखा व वीज तीच असताना, चिपही जवळजवळ तेवढीच जास्त तापते.

आमच्या मालेगाव-भिवंडीकडच्या मंडळींना आणखी एक दुखणे आहे, कापसाच्या तंतूंचे. हवेत उडणारा हा कचरा पंख्यामागच्या जाळीवर नमद्यासारखा बसतो. आम्ही जेव्हा तो लॅपटॉप उघडून घेतला, तेव्हा कारागिराने चिमट्याने अख्खा पापुद्रा ओढून काढला, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली आणि साडेतीनशे रुपये घेतले. त्याच कामाला आधी ९७ अंश दिसत, नंतर ८४. पुतण्या आता तो लॅपटॉप मागून दोन लाकडी गुटक्यांवर उचलून ठेवतो आणि दर तीन महिन्यांनी जाळी साफ करून घेतो.